पुस्तकं अर्धलीनं दिली, मामा

प्रिय मामा,

आज सकाळी दौंडच्या क्वार्टरची किल्ली ऑफिसात जमा केली. तुमच्या बाळूनं सही केली, मामीनं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, आणि मी मोरीतला नळ नीट बंद झालाय का ते पुन्हा एकदा बघून आलो. तुमचा तो नळ शेवटपर्यंत गळतच राहिला बघा!

मामी आणि बाळू सामान घेऊन टेम्पोनं मांडवगणला गेले. मी स्टँडवर बसलोय. शिरूरची एसटी लागायची आहे, म्हणून लिहायला घेतलं. मी आणि पत्र! आजवर पत्र लिहिलं ते फक्त कंपनीला, रजेचं, आणि तेही तुमच्याकडून तपासून घेऊन. पण आज लिहिणं भाग आहे. तुम्ही जिथं कुठं असाल तिथं तुम्हाला एकच घोर लागला असणार. मामी कशी आहे, हे तुम्ही नंतर विचाराल. आधी विचाराल : क्वार्टर सोडलं, मग पुस्तकं कुठं गेली?

सांगतो. सगळं सांगतो. पण माझ्या पद्धतीनं, म्हणजे मधल्या चार स्टॉपवर उतरत. चिडू नका.

मामा, खरं सांगू? पहिल्यांदा तुमचं ते कपाट उघडलेलं बघितलं तेव्हा मला वाटलं, आत देव असतील. तुम्ही हात धुतले, धोतराला नाही, वेगळ्या पंच्याला पुसले, मग दार उघडलं. आत निळ्या, हिरव्या, मरून कापडी बांधणीतली पुस्तकं, पाठीवर सोनेरी अक्षरं. काही कातड्यात बांधलेली. मी दहावीला गटांगळी खाऊन तुमच्याकडं आलो होतो, आणि माझ्या डोक्यात तेव्हा ट्रकवर क्लीनर म्हणून जायचं चाललेलं. तुम्ही म्हणालात, "जा की. पण जायच्या आधी हे हातात धरून बघ." मी धरलं. जड होतं. एवढंच आठवतं. दुसऱ्या दिवशी मी ट्रकवर गेलो!

लोकांना कळायचंच नाही तुमचं. रेल्वेतला पॉइंट्समन, रूळ बदलायचा, आणि सुट्टीच्या दिवशी शिरूर, दौंडच्या रद्दीवाल्यांकडं गोणपाटावर बसून काय शोधायचा? तर रशियातल्या, फ्रान्समधल्या, बंगालातल्या जुन्या कादंबऱ्यांची मराठी भाषांतरं. त्यातही पहिलीच आवृत्ती हवी. त्यातही बांधणी देखणी हवी. दुसरी आवृत्ती तुम्ही वाचायला घ्यायचात, ठेवायला नाही. पुस्तक हातात आलं की गोष्ट बाजूलाच. आधी नावाच्या पानामागं काय छापलंय ते बघायचं, मग बांधणीच्या सांध्यावरून अंगठा फिरवायचा, मग नाकाशी न्यायचं.

मी एकदा म्हटलं होतं, "मामा, गोष्ट तर तीच की! नव्या आवृत्तीत काय वेगळी असती का?"

तुम्ही म्हणालात, "गोष्ट तीच रं. पर जवा ती पयल्यांदा मराठीत आली, तवा ह्याच पानावर आली. एवढ्या लांबनं चालत आलेलं माणूस आधी ज्याच्या वसरीवर टेकलं, ती वसरी जपाय नको?"

मी भेळ आणायला गेलो.

आणि मामी! ती कपाटाला सवत म्हणायची. कातडी बांधणीचं पुस्तक तुम्ही आणलं की ती लांबूनच हुंगायची आणि म्हणायची, "मेंढराचं हाय. घरातली मेंढरं इकली, आन् ह्यांनी एकेक करून सोनं लावून माघारी आणली!" तुम्ही हसायचात, पण कपाटाला कुलूप लावायचात. ते कुलूप मला तेव्हाही खटकायचं. त्यावर नंतर बोलतो.

आधी खाचेचं सांगतो, कारण पुढं सगळं तिच्यावरच घडलं.

तुमचं पहिलं पुस्तक. तुम्ही ते घरी आणलंत तेव्हा थोरले आबा, म्हणजे तुमचे वडील, अजून मेंढरांमागं फिरत होते. त्यांनी विचारलं, "हे कुणाचं?" तुम्ही म्हणालात, "माझं." आबा म्हणाले, "कशावरनं?" आणि आपल्या मेंढराच्या कानाला घरची खूण म्हणून जशी तिकोनी खाच मारतात, तशी त्यांनी लोकर कातरायच्या कातरीनं नावाच्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात खाच मारली! कच्चकन! तुम्ही म्हणे रडकुंडीला आला होता. पण दुसरं पुस्तक आणलंत तेव्हा तुम्हीच कातर मागितलीत. मग तिसऱ्याला, चौथ्याला, सगळ्यांना. आबा गेले तरी खाच थांबली नाही.

शिरूरच्या गुरुजींनी, म्हणजे तुमच्या त्या एकुलत्या एक वाचणाऱ्या दोस्तानं, पहिल्यांदा ती खाच बघितली तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "अहो, पहिली आवृत्ती मिळवता आणि तिचं पान कातरता? निम्मी किंमत मातीत गेली!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "गुरुजी, निम्मी कशाला, पुरी जाऊ द्या. इकायचं असतं तर खूण कशाला केली असती?"

मला ते वाक्य फार आवडलं. मी ते सणसवाडीला कंपनीच्या गेटवर, वढूला जाणाऱ्या टेम्पोत, जिथं तिथं सांगितलंय. कुणालाच कळलं नाही, ही गोष्ट वेगळी.

तुमचा धीर मात्र मला कधी जमला नाही. शिरूरच्या वकीलबाई आठवतात? त्यांच्या नवऱ्यानं पुण्याच्या बाइंडरकडून बांधून घेतलेली ती रशियन कादंबरी, दोन खंड, गडद लाल कातडं, कडांना सोनेरी रेघ. बाई विकायला तयार नव्हत्या. दुसरा कुणी असता तर मागं लागला असता. तुम्ही काय केलंत? दर महिन्याला ड्यूटी संपवून दौंडहून एसटीनं शिरूरला जायचात, सोबत शेवंतीची फुलं न्यायचात, बाईंच्या पडवीत बसून त्या पुस्तकाची थोडी पानं वाचायचात आणि पुस्तक परत त्यांच्या हातात देऊन यायचात. विकत द्या असं एकदाही म्हणाला नाहीत! मी एकदा बरोबर होतो. मला तर पहिल्या दहा मिनिटांतच बाहेर जाऊन कुणाची तरी राजदूत मोटारसायकल बघायची होती. बाई मला म्हणाल्या, "तुझे मामा पुस्तक वाचतात की पुस्तकाला भेटायला येतात?" मी म्हटलं, "पुस्तकाला भेटायला. तुम्हाला पण." बाई केवढ्या हसल्या!

वर्षांमागून वर्षं गेली. बाई शिरूर सोडून मुलीकडं निघाल्या तेव्हा त्यांनीच निरोप धाडला. दोन्ही खंड रुमालात बांधून तुमच्या पुढ्यात ठेवले. आणि तुम्ही आधी काय विचारलंत? "बाई, आमच्या घरची खूण करू का? तुमची हरकत असंल तर न्हाई करत." बाईंनी स्वतः पान धरलं आणि तुम्ही खाच मारलीत. असा माणूस मी दुसरा बघितला नाही, मामा. बाप्यांत नाही आणि बायांतही नाही.

हां, तर क्वार्टर.

तुम्ही ड्यूटीवरच गेलात. दुपारच्या पॅसेंजरला झेंडी दाखवून केबिनच्या पायरीवर बसलात ते उठलाच नाहीत. दहावं झालं, तेरावं झालं, आणि मग रेल्वेचा कागद आला : अमुक मुदतीत क्वार्टर खाली करा. त्यांचंही बरोबर आहे, पुढच्या माणसाला घर लागतं. पण पुस्तकं न्यायची कुठं? बाळूची सणसवाडीची खोली तुम्हाला माहीतच आहे, दहा बाय दहा. त्यात तो, त्याची बायको, लेकरू आणि शिलाई मशीन. मांडवगणच्या घरी एका खोलीत कांदा, एका खोलीत माणसं, आणि पावसाळ्यात भिंतीला ओल. आणि तुम्ही तर मला मागच्या दिवाळीत सांगून ठेवलेलं, "संपत, माझ्यामागं ह्यो कळप फुटू देऊ नका. फुटलेला कळप लांडग्याला बरा."

मला सांगून ठेवलंत! ज्याला स्वतःची पिशवी ठेवायला खुंटी नाही त्याला!

बाळूनं पुण्याचा एक व्यापारी बोलावला. बाळूवर रागावू नका, त्याच्यापुढं दुसरी वाटच नव्हती. माणूस चांगला होता, चष्मा, खादीचा शर्ट, न सांगता हात धुऊन आला. कपाट उघडल्यावर त्याचा चेहरा असा फुलला, की मलाच तुमच्या वतीनं अभिमान वाटला. "वहिनी, असा संग्रह मी पुण्यातसुद्धा फार बघितलेला नाही," म्हणाला. एक पुस्तक काढलं, नावाचं पान उघडलं आणि थबकला.

"अरेरे! उंदरानं खाल्लं वाटतं."

दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. "कमाल आहे! प्रत्येक पुस्तकात एकाच जागी खाणारा उंदीर?"

मी म्हटलं, "शिकलेला असंल."

बाळूनं माझ्या पोटात कोपर मारलं आणि खाचेचं सगळं सांगितलं. व्यापाऱ्यानं पान उजेडाकडं धरून बघितलं. मग म्हणाला, "काही हरकत नाही. मशीनवर वरच्या कडेनं जरासं कापून घेतलं की खाच निघून जाईल. कुणाला कळणारही नाही."

मामी चहाचे कप घेऊन येत होती. ती दारातच थांबली.

"काय म्हणलं ते?"

"खूण काढून टाकू म्हणतात, आई," बाळू म्हणाला. "म्हंजी भाव नीट येईल."

मामीनं कप खाली ठेवले. "दादा, तुमी पावणं, रागावू नगा. पर आमच्यात मेंढराचा खुणंचा कान कोण कापतं, ठावं हाय का?"

"कोण?"

"चोर."

मामा, काय सांगू! जिनं जन्मभर त्या कपाटाला सवत म्हटलं, ती कपाटापुढं उभी राहिली होती, पदर खोचून. व्यापाऱ्याचं मला कौतुक वाटतं, त्यानं राग धरला नाही. चहा प्याला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि जाताना म्हणाला, "मग राहू द्या, वहिनी. पण ठेवणार कुठं?"

तो गेल्यावर बाळू भडकला. "ठिवणार कुठं? सांग की! खोलीत आमी झोपायचं का पुस्तकांनी?"

"वरडू नगं. इचार करू दे."

"मुदत संपत आली, आन् तू इचार कर!"

मामीनं विचार केला. दोन दिवस ती नुसती कपाटासमोर तांदूळ निवडत बसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे कदम, तुमच्या पार्सल ऑफिसातले, पेपर मागायला आले, तर मामी एकदम म्हणाली, "भावजी, दुष्काळात आमच्या सासऱ्यांनी मेंढरं काय केली व्हती, सांगू? अर्धलीनं दिली. सोयऱ्याधायऱ्यांत वाटून. सांबाळायची त्यांनी, खूण आमची, पिल्लं निम्मी निम्मी. पाऊस झाल्यावर कळप पुन्हा एक."

कदम म्हणाले, "बरं मग?"

"मग ही बी देते अर्धलीनं. तुमाला किती देऊ?"

"आवं वैनी, पुस्तकाला पिल्लं कुठं व्हत्यात?"

"व्हत्यात की! वाचलं म्हंजी गोष्ट झाली न्हवं का? ती अर्धी माझी. महिन्यातनं एकदा गावाकडं यायचं आन् मला सांगायची."

"अर्धी? मंजी निम्मीच सांगायची?"

"आरं द्येवा! पुरी सांगायची, तवा अर्धी माझी व्हईल न्हवं!"

कदमांनी डोकं खाजवलं आणि तीन पुस्तकं नेली.

मामा, तुम्हाला पटो न पटो, हे असं झालं. गुरुजी शिरूरहून आले आणि वकीलबाईंचे दोन्ही खंड छातीशी धरून घेऊन गेले. खाचेला सगळ्यात जास्त नावं ठेवणारे तेच, पण निघताना नावाचं पान उघडून त्यांनी खाचेवरनं अंगठा फिरवला. मी बघितलं, त्यांनी मला बघताना बघितलं, आणि म्हणाले, "धूळ होती." बाळू म्हणाला, "आमच्या लोखंडी कपाटात कपड्यांखाली बसतील काही," आणि चांगली पाच घेतली. त्याच्या शेजारच्या खोलीतला रामसागर, तिकडं उत्तर प्रदेशातला, त्या दिवशी सामान बांधायला आलेला. तो म्हणाला, "चाचीजी, हमको भी एक दीजिए. पर मराठी पढ़ना नहीं आता." मामीनं त्याला चित्रांचं पुस्तक शोधून दिलं. "चित्रं बगायची आन् तुला काय वाटलं ते सांगायचं. खोटं सांगू नगं, म्या बी बगितल्यात."

अटी मामीनंच घातल्या. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. पान दुमडायचं नाही. पावसाळ्यात कपाटात कडुलिंबाचा पाला. आणि कुणी विचारलं तर सांगायचं, आमचं नाही, मांडवगणच्या कळपातलं आहे.

म्हणजे कळप फुटला नाही, मामा. पांगलाय, चरायला गेलाय. मला तरी असंच वाटतं. तुम्हाला?

पहिलं पिल्लू तर क्वार्टर सोडायच्या आधीच आलं! कदम परवा येऊन गोष्ट सांगून गेले. कुठल्या तरी सावकाराची पोरगी दोन भावांना झुलवत ठेवते, आणि शेवटी तिसऱ्याच माणसाशी लग्न करते. मामी भिंतीला टेकून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "पर त्या पोरीच्या आईला कुणी इचारलं का?"

"आई न्हाई वैनी. पयल्याच पानावर मेली."

"मग बराबर हाय," मामी म्हणाली आणि कदमांना दुसरा चहा दिला. ते गेल्यावर बराच वेळ ती हसत होती. मग मला म्हणाली, "एवढं हुतं व्हय रं त्या कपाटात? ह्यांनी मला एकदा बी सांगितलं न्हाई. म्या बी इचारलं न्हाई."

हे कुलूप, मामा. ह्याच्यावरच बोलायचं होतं. शिरूरच्या पडवीत बसून तुम्ही परक्या पुस्तकाला भेटलात, फुलं घेऊन. घरातल्या बाईला त्यातली एक गोष्ट संध्याकाळच्या भाकरीबरोबर सांगितली असती तर? तिला वाचता येत नाही, पण ऐकता किती येतं! तुम्हाला माहीत होतं का? मला वाटतं नव्हतं. माहीत असतं तर तुम्ही कपाट तिच्यापुढं उघडं टाकलं असतंत, असे तुम्ही होता. एवढंच म्हणतो, आणि पुढं काही म्हणत नाही. तुमच्यावर रागावून बसणं मला जमतच नाही.

आता माझं. वाटणी चालली होती तेव्हा मी पण हात पुढं केला.

"तुला?" मामी म्हणाली. "तू जन्मात कवा पुस्तक पुरं केलंस? धा पानं झाली की तुला कुठंतरी जायचं असतं."

"म्हणून तर दे."

"तुला निराळं काम हाय. तू असा बी भिंगरीसारखा फिरतोस. मग फीर की ह्यांच्यामागं! शिरूर, सणसवाडी, दौंड. कुणाकडं कसर लागली, कुणी पाला घातला न्हाई, बघून यायचं. एका जागी बसणाऱ्याला जमायचं न्हाई त्ये."

मामा, माझ्या फिरण्याला आजवर घरातल्या कुणी काम म्हटलं नव्हतं. मी मान फिरवून मोरीतल्या गळक्या नळाकडं बघत बसलो.

शेवटी तिनं मला एक दिलंच. हिरव्या कापडाचं, पाठीवर सोनेरी पान. आता मांडीवरच्या पिशवीत आहे, हात धुतले नाहीत म्हणून बाहेर काढलेलं नाही. गोष्ट एका विधवा बाईची आहे. मोठ्या नदीवर ती नाव चालवते. तिचं पोरगं लहानपणी लढाईत नेलेलं. बऱ्याच वर्षांनी एक लष्करी साहेब पलीकडं जायला तिच्या नावेत बसतो. ती त्याला ओळखते. तो ओळखत नाही. नाव नदीच्या मध्यावर येते, इथवर मी वाचलं. सकाळी टेम्पो भरता भरता मामीला एवढंच सांगितलं, आणि ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

मामी केबिनमध्ये बसली. टेम्पो सुरू झाला. कॉलनीच्या वळणावर तो थांबला, मामीनं खिडकीतनं डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं ती ओरडली, "संपत, बोलली का रं ती त्याला?"

मी हात हलवला. मला तरी कुठं माहीत होतं!

शिरूरची गाडी लागली, मामा. गुरुजींकडं जाऊन त्यांचं कपाट बघायचं आहे. पण आज वाटेत कुठंही उतरणार नाही, कुणाची गाडी बघणार नाही, आणि शेवटचं पान आधी उघडणार नाही. शब्द देतो. पान पान करून वाचीन आणि ह्याच आठवड्यात मांडवगणला जाऊन सांगीन. नाव नदीच्या मध्यावर आहे आणि मामी काठावर उभी आहे. तिला तिथं ताटकळत ठेवणार नाही.

तुमचा,
संपत